टंड्रात ध्रुवीय अस्वलं बघायची आणि त्यांचे फोटो काढायचे तर कुठे, कधी जावं?

सरळ चर्चिलला जा. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, हडसन उपसागराच्या काठावरचं हे हजाराच्या आतल्या वस्तीचं गाव. बाहेरून तिथे रस्ता जात नाही. विनिपेगहून विमान घ्या, नाहीतर दोनेक दिवसांची रेल्वे.

वेळ ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य. उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ वितळला की अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि जवळजवळ उपाशीच दिवस काढतात, कारण सीलची शिकार बर्फावरूनच जमते. थंडी पडली की पाणी गोठायची वाट बघत तिथेच रेंगाळतात. बर्फ धरला की गायब!

पायी फिरायचं मात्र डोक्यातून काढा. माणसाच्या उंचीच्या चाकांच्या बग्गीतूनच, म्हणजे बससारख्या मोठ्या गाडीतूनच बघायचं. गावात लोक गाडीची दारं मुद्दाम लॉक न करता ठेवतात, अस्वल समोर आलंच तर कुणालाही आत घुसता यावं म्हणून.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर बर्फ राखाडी दिसतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, एखादा स्टॉप (साधारण दुप्पट) वाढवा. पण अस्वलावर लक्ष ठेवा. त्याची फर पांढरीशुभ्र नसते, सायीसारखी पिवळट असते. जास्त वाढवलंत तर तो रंगच जातो. गारठ्यात बॅटरी बघता बघता उतरते, म्हणून जादाच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. आणि हॉटेलात शिरायच्या आधी, बाहेरच, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा. उबदार खोलीत तासभर तसाच राहू द्या, नाहीतर लेन्सवर दव धरलंच.