तपकिरी शिक्क्याची 1929 ची नोट: आधी बँक शोधा

शेजारच्या आजींनी दिलेली 1929 ची अमेरिकेची वीस डॉलरची नोट, त्यावर तपकिरी शिक्का आणि कुठल्याशा बँकेचं नाव. ही दुर्मीळ आहे का, असं तुम्ही विचारलंय.

नुसत्या सालावरून हे ठरत नाही. बँकेचं नाव आधी नीट वाचा. 'फेडरल रिझर्व्ह बँक ऑफ...' (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँक व्यवस्थेतली बँक) असेल, तर ती 1933 च्या बँक संकटात घाईने छापलेल्यांपैकी आहे, आणि त्या बहुतेक सहज मिळतात. गावच्या बँकेचं नाव आणि ठळक काळा चार्टर नंबर (त्या बँकेच्या सरकारी परवान्याचा क्रमांक) असेल, तर ती नॅशनल बँक नोट. मग खरी मजा सुरू होते!

1863 च्या कायद्यापासून 1935 पर्यंत हजारो गावांतल्या बँकांनी सरकारी रोखे तारण ठेवून स्वतःच्या नावाच्या नोटा चालवल्या. काहींच्या भरपूर उरल्या, काहींच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून त्याच सालाच्या, तेवढ्याच रकमेच्या दोन नोटांच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं.

तुमच्या नोटेवर चार्टर नंबर फक्त काळ्या शाईत आहे की तपकिरी शाईतही पुन्हा छापलाय? तपकिरीतही असेल तर तो दुसरा प्रकार, 1933 पासूनचा. बऱ्याच लहान बँकांच्या बाबतीत तो पहिल्यापेक्षा कमी सापडतो.

बँकेचा माग काढायला कंट्रोलर ऑफ द करन्सी, म्हणजे या बँकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचे, वार्षिक अहवाल बघा. सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या 'फ्रेझर' या ऑनलाइन संग्रहात ते फुकट वाचता येतात. माझ्याकडच्या 1902 मालिकेच्या दहाच्या नोटेवरची कॅशियरची शाईची सही इतकी विटली होती की दोनच अक्षरं लागत होती. जुन्या अहवालात त्या बँकेच्या नोंदीत कॅशियरचं पूर्ण नाव मिळालं. पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जुन्या वर्तमानपत्रांत तोच माणूस गावच्या शाळेसाठी वर्गणी गोळा करताना भेटला. त्या दिवसापासून ती नोट मला विकावीशी वाटलेली नाही.

कृपा करून नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी तर अजिबात लावू नका. एकदा मी धुऊन दाबलेली नोट कोरी समजून घेतली होती. कागदाचा जिवंतपणा गेलेला असतो, तो परत येत नाही. पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवा आणि दोन्ही बाजूंचे फोटो टाका. चार्टर नंबर दिसला की पुढचं मी शोधून देतो.