सगळेच ओळखीचे असलेल्या ओपन सोर्स प्रकल्पाला आचारसंहिता हवी का?

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा कळला: मोडी कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करणारा तुमचा ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता आणि बदलता येतो असा) प्रकल्प इंदूरमधल्या काही मराठी मंडळींनी सुरू केला, आता त्यात पुण्याचे आणि वडोदऱ्याचे लोकही हातभार लावतात, आणि नुकत्याच आलेल्या एका मुलीने प्रकल्पाला आचारसंहिता असावी असा इश्यू (म्हणजे चर्चेसाठी जाहीर नोंद) उघडला आहे. ज्यांनी हे काम उभे केले ते काका म्हणतात की आपण सगळे घरचेच आहोत, आपल्याला असले कागद कशाला. आणि तुम्ही, या दोघांच्या मध्ये सापडलेले मेंटेनर, म्हणजे प्रकल्पाची देखभाल करणारे, विचारता आहात की आचारसंहितेची फाइल जोडावी का आणि जोडायची तर कशी. मीही इंदूरचाच असून अशाच एका छोट्या प्रकल्पाचा मेंटेनर आहे. माझे उत्तर असे की आचारसंहिता जरूर स्वीकारा, परंतु मजकूर निवडण्याआधी तक्रार कोण ऐकणार हे ठरवा, आणि त्यातही काकांविरुद्धची तक्रार कोण ऐकणार हे सर्वांत आधी ठरवा.

‘सगळे घरचेच’ हा मुद्दा काकांना विरोधाचा वाटतो, मला तो आचारसंहितेच्या बाजूचा वाटतो. इंदूरच्या मराठी वर्तुळात कोण कुणाचा भाचा, कुणाच्या आईने कुणाला शाळेत शिकवले आणि कुणाच्या वडिलांनी कुणाचे लग्न जमवले हे सर्वांना ठाऊक असते. परका माणूस वाटेल ते बोलला तर त्याला उलट उत्तर देता येते. वडिलांचे मित्र बोलले तर माणूस गप्प बसतो, पुढच्या महिन्यात ‘परीक्षा आहे’ म्हणतो आणि मग येतच नाही. असा निघून गेलेला माणूस जाण्याचे कारण लिहून ठेवत नाही, त्यामुळे आपल्याकडे कधी भांडण झालेच नाही अशी ज्येष्ठांची प्रामाणिक समजूत होते. पुण्याच्या किंवा वडोदऱ्याच्या सहभागींना तर या वर्तुळातले मानपान माहीतच नसतात; त्यांना लिहिलेला नियमच काय तो कळतो.

मजकुराचे काम त्या मानाने सोपे आहे. कोरालाइन एडा एमके यांनी 2014 मध्ये तयार केलेला ‘काँट्रिब्यूटर कव्हनंट’ हा आचारसंहितेचा नमुना असंख्य प्रकल्पांनी घेतला आहे, त्याचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा असल्याने श्रेय देऊन तो वापरता आणि बदलता येतो, आणि त्याच्या 2019 च्या 2.0 आवृत्तीत कारवाईच्या चार पायऱ्याही दिलेल्या आहेत: खाजगीत समज, ताकीद, तात्पुरती बंदी आणि कायमची बंदी. छोट्या प्रकल्पाला या पायऱ्यांचा फार उपयोग होतो, कारण त्यामुळे ‘दुर्लक्ष करा’ आणि ‘हाकलून द्या’ यांच्या मधल्या जागा दिसू लागतात. मात्र त्या नमुन्यात संपर्काचा पत्ता भरण्यासाठी कंसात सोडलेली जागा असते, आणि ती तशीच रिकामी ठेवून फाइल जोडलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. तक्रार पाठवायला पत्ताच नसलेली संहिता कुणाच्या उपयोगाची नाही. एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरची गोष्ट याहून गमतीची आहे. ग्राहक कंपन्यांच्या अर्जात आचारसंहितेचा रकाना असे, तो भरण्यासाठी एसक्यूलाइटच्या कर्त्यांनी संत बेनेडिक्टचे सहाव्या शतकातले मठाचे नियम लावून ठेवले, आणि 2018 मध्ये त्यावर गदारोळ झाल्यावर त्या नियमांना ‘नीतिसंहिता’ हे नाव देऊन आचारसंहिता म्हणून फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचा मजकूर घेतला.

खरा प्रश्न अंमलाचा आहे. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाकडे चांगली संहिता होती आणि ती राबवणारे वेगळे पथकही होते. तरीही नोव्हेंबर 2021 मध्ये त्या पथकाने एकत्र राजीनामा दिला, कारण मुख्य गटावर कुणाचाही अंकुश नाही आणि म्हणून त्याला संहिता लागू करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एवढ्या मोठ्या प्रकल्पात जे झाले ते तुमच्याकडे पहिल्याच तक्रारीत होऊ शकते. म्हणून माझी सूचना अशी की तक्रारी घेण्यासाठी किमान दोन व्यक्ती नेमाव्यात, त्यांत एक स्त्री असावी, आणि एक व्यक्ती इंदूरच्या वर्तुळाबाहेरची, म्हणजे काकांशी ना नात्याची ना उपकाराची, असावी. ही काही माझी लहर नव्हे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानेही अंतर्गत समितीत बाहेरचा एक सदस्य सक्तीचा केला आहे आणि निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. (गुन्ह्याच्या पातळीवरची गोष्ट घडली तर ती पोलिसांकडेच जायला हवी, आचारसंहिता कायद्याची जागा घेत नाही.) ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने, आणि त्याच्या जवळच्या नातेवाइकानेही, त्या निर्णयातून बाहेर राहावे हे फाइलमध्ये स्पष्ट लिहा.

याला जोडूनच एक तांत्रिक बाब सांगतो, कारण तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तुमची रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या सगळ्या फाइलींची जागा, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर काकांच्या वैयक्तिक खात्यावर असेल तर तिची मालकी एकट्या काकांकडे असते, आणि समितीने काहीही ठरवले तरी ते अमलात आणणे त्यांच्याच मर्जीवर राहते. ती एखाद्या ऑर्गनायझेशनखाली, म्हणजे अनेकांच्या सामायिक खात्याखाली, हलवा आणि काकांबरोबर आणखी एकाला मालकीचे अधिकार द्या. हीसुद्धा पूर्ण हमी नव्हे, पण निर्णय राबवण्याची चावी एकाच खिशात राहत नाही.

संहिता आली की पाठवलेल्या बदलांचे परीक्षण बुळबुळीत होईल आणि चुकीचे बदलही गोड बोलून स्वीकारावे लागतील, ही काकांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे लिनक्स कर्नलच्या, प्रकल्पातही हीच भीती होती. तिथे 2015 मध्ये एक छोटा मजकूर आला, ज्यात कठोर टीका होणारच हे गृहीत धरून कुणाला वैयक्तिक त्रास झाल्यास दाद मागावी इतकेच म्हटले होते. सप्टेंबर 2018 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागून काही काळ रजा घेतली, त्याच सुमारास काँट्रिब्यूटर कव्हनंटवर आधारित संहिता आली, आणि पुढच्या महिन्यात तिचा अर्थ कसा लावायचा याचे टिपणही जोडले गेले. त्यानंतरही कर्नलमध्ये निकृष्ट बदल नाकारलेच जातात. काकांना तुमच्याच कामातला फरक दाखवा: ‘हा बदल घेता येणार नाही, कारण यात जोडाक्षरे तुटतात’ हे वाक्य कितीही कोरडे असले तरी संहितेत बसते; ‘ज्यांना मोडी वाचता येत नाही त्यांनी आमचा वेळ घेऊ नये’ हे बसत नाही, मग ते लिहिणाऱ्याचा मोडीचा व्यासंग कितीही मोठा असो.

व्याप्ती लिहिताना केवळ गिटहबचा विचार करू नका. आपल्याकडची निम्मी चर्चा व्हॉट्सअॅप गटात होते आणि उरलेली रविवारी कुणाच्या तरी घरी पोह्यांच्या बशा हातात घेऊन. या दोन्ही ठिकाणी संहिता लागू आहे असे नाव घेऊन लिहा. इंदूरची ‘भिया’ (भाऊ) म्हणून केलेली थट्टा समोरासमोर निभावते, पण तीच गटात लिहिली की न भेटलेल्या माणसाला ती अपमानासारखी वाटू शकते. अशा प्रसंगी एक खाजगी संदेश पुरतो; जाहीर खटला चालवू नका, आणि तक्रार करणाऱ्याचे नाव समितीबाहेर जाऊ देऊ नका.

स्वीकारण्याची रीत साधी ठेवा. मसुदा पुल रिक्वेस्ट (म्हणजे बदल स्वीकारण्याची जाहीर विनंती) म्हणून मांडा, दोन-तीन आठवडे खुला ठेवा, आणि ज्येष्ठांना त्यातली वाक्ये बदलू द्या, कारण स्वतः हात लावलेल्या मजकुराला माणूस सहसा परका मानत नाही. लिनक्सवर आधारित डेबियन या प्रकल्पाने 2014 मध्ये आपली संहिता सर्व सदस्यांच्या मतदानाने स्वीकारली. तुमच्या आकाराच्या प्रकल्पात मतदानाची गरज नाही, परंतु शेवटी ती विलीन करण्याचे बटण काकांनीच दाबले तर फार बरे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही पाठ ठेवा, आणि मतभेद झाल्यास कोणता ग्राह्य हे एका ओळीत लिहून टाका.

त्या मुलीच्या इश्यूवर अजून कुणी उत्तर दिलेले नसेल तर ते आजच द्या. ‘तुला याची गरज का वाटली’ असे तिला जाहीरपणे विचारू नका. काही घडले असेल तर सांगण्याची जागा आधी तयार व्हायला हवी. आणि तिने सुचवले म्हणून मसुदा लिहिण्याचे व काकांची समजूत काढण्याचे काम तिच्याच गळ्यात घालू नका, ते मेंटेनर म्हणून तुमचे आहे.