पुण्याहून जळगावला बदली झाली आहे, ओळखीचं कोणी नाही. नव्या शहरात रुळायला काय करावं?

सर्वात आधी उन्हाची तयारी करा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे वरच्या मजल्यावरचं घर शक्यतो घेऊ नका. मी घेतलं होतं. रात्री अकरालाही भिंती गरम लागायच्या. कूलर मार्चमध्येच घ्या आणि बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत उरका.

माणसांचं म्हणाल तर हिवाळ्याची वाट बघा. भरिताच्या पार्टीचं बोलावणं आलं की नक्की जा. हिरवी-पांढरी मोठी वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचतात, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. वांगी सोलायला बसलात की ओळखी आपोआप होतात. माझ्या शेजारच्या मावशी मला तिथेच भेटल्या. पुढे मला ताप आला तेव्हा चार दिवस त्यांच्याकडूनच डबा आला.

बोली ऐकून बिचकू नका. कुठे लेवा गणबोली, कुठे अहिराणी. अहिराणीत ‘कथा चालना भो?’ म्हणजे ‘कुठे निघालास, भाऊ?’ चुकतमाकत का होईना, त्याच बोलीत उत्तर द्या, समोरचा खुलतो. आणि संध्याकाळी एकटं वाटलं तर खोलीत बसू नका, मेहरूण तलावावर चक्कर मारा.