फुली, टिंब आणि शेवटचा क्वार्टर

वाचकांचे प्रश्न : बास्केटबॉल

कॉलेजांचा सीझन संपला की पत्रं वाढतात. यंदा चार निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगतो : मी माटुंग्याच्या एका कॉलेजकडून चार वर्षं खेळलो आणि नंतर एकतीस वर्षं स्कोअररच्या टेबलामागे बसलो. त्यामुळे मला सामना आधी कागदावर दिसतो, मग कोर्टवर.

प्रश्न : सर, मी टी.वाय.ला आहे, कॉलेजच्या मुलांच्या संघाचा कॅप्टन. यंदा आम्ही नऊ सामने खेळलो, सहा हरलो. त्यातल्या चार सामन्यांत तिसरा क्वार्टर संपला तेव्हा आम्ही पुढे होतो आणि शेवटी ३, ५, २ आणि ६ पॉइंट्सनी हरलो. सगळे म्हणतात, स्टॅमिना कमी पडतो. आम्ही जूनपासून शिवाजी पार्कला पळतोय, आणखी किती पळायचं? चारही स्कोअरशीटचे फोटो पाठवतोय. (कॅप्टन, दादर)

उत्तर : फोटो पाठवलेस हे फार चांगलं केलंस. दोन संध्याकाळी मी ते चार कागद घेऊन बसलो होतो. पळणं सोडू नकोस, पण तुमचा संघ दमामुळे हरलेला नाही. निदान फक्त दमामुळे तरी नाही.

आधी फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याच्या फाउलबद्दल मिळणारी मोकळी फेक. स्कोअरशीटवर हुकलेला फ्री थ्रो कुठेच लिहिलेला नसतो. बास्केट पडली की तिरकी रेघ, ती तीनची असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल, आणि फ्री थ्रो पडला की एक भरीव टिंब. हुकलेल्याला चिन्हच नाही. म्हणून हरलेला संघ शीट बघतो तेव्हा त्याला हरण्याचं कारण दिसत नाही. हुकलेले शोधायचे तर समोरच्या संघाच्या फाउलच्या रकान्यात जावं लागतं. तिथे पी-२ असेल तर तुम्हाला दोन फ्री थ्रो मिळाले, पी-१ असेल तर बास्केट पडून वर एक. ते सगळे मोजायचे आणि त्यातून आपली टिंबं वजा करायची.

चौथ्या क्वार्टरची निळी शाई धरून मी हे केलं. पहिल्या सामन्यात ८ मिळाले, ३ पडले. दुसऱ्यात ९ पैकी ४. तिसऱ्यात ६ पैकी ३. चौथ्यात पुन्हा ८ पैकी ३. एकूण ३१ पैकी १३. म्हणजे चार शेवटच्या क्वार्टरमध्ये १८ हुकले, आणि चारही पराभवांचं अंतर एकत्र केलं तर भरतं १६. सगळेच्या सगळे कुणाचेच पडत नाहीत, त्यामुळे ‘हे पडले असते तर चारही सामने आपलेच’ असं मुलांना सांगू नकोस. पण तीनातले दोन पडले असते तर पहिला आणि तिसरा सामना शेवटच्या पझेशनपर्यंत (बॉल शेवटचा हातात येईपर्यंत) जिवंत राहिला असता. हा फरक मोठा आहे.

आता तुम्ही फ्री थ्रोचा सराव कसा करता? पत्रात तू लिहिलं आहेस, ‘प्रॅक्टिस संपल्यावर प्रत्येकी वीस’. हेच मला खटकलं, कारण मीही तसाच करायचो. १९८४च्या ऑक्टोबरातला एक इंटर-कॉलेजिएट सामना होता. तेव्हा क्वार्टर नव्हते, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असायचे. शेवटच्या मिनिटाला एका पॉइंटने मागे असताना शूट करताना माझ्यावर फाउल झाला, दोन फ्री थ्रो मिळाले. सरावात मी वीसपैकी पंधरा-सोळा टाकत होतो, पण पाणी पिऊन, श्वास जागेवर आल्यावर, एकामागून एक. त्या दिवशी छाती भात्यासारखी चालली होती आणि गुडघे वाकायलाच तयार नव्हते. पहिला रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली आला. दुसराही तसाच, आखूड. एका पॉइंटने हरलो. माटुंग्याहून नायगावपर्यंत मी त्या दिवशी चालत घरी गेलो आणि ती दोन्ही फेकी आजही मला हातात जाणवतात.

सामन्यात कुणालाही सलग वीस फ्री थ्रो मिळत नाहीत. दोन मिळतात, तेही धावून आल्यावर, आणि बॉल हातात आल्यापासून पाच सेकंदांत टाकायचे असतात. म्हणून सराव मोडून टाक. दर दहा-बारा मिनिटांनी शिट्टी वाजवायची, सगळ्यांनी बेसलाइन ते बेसलाइन पाच फेऱ्या मारायच्या आणि लगेच एकाने रेषेवर उभं राहून दोन टाकायचे. बाकीच्यांनी लेनच्या कडेला रिबाउंडच्या जागा घ्यायच्या, अगदी सामन्यात घेतात तशा. हुकला तर खेळ तिथून पुढे चालू. प्रत्येकाच्या नावाची वही ठेवायची आणि त्यात हुकलेलेही लिहायचे, कारण शीट ते लिहीत नाही. आखूड पडतोय की लांब, एवढी एक खूण पुरे. आखूड म्हणजे पाय दमलेत, गुडघा जास्त वाकवायचा. डावी-उजवीकडे जात असेल तर कोपर बघायचा.

दुसरी गोष्ट तुमचा सात नंबर. बॉल तोच वर आणतो ना? हाफ टाइमला स्कोअरर फाउलच्या रकान्यात जाड रेघ मारतो. चारपैकी तीन सामन्यांत त्या रेघेच्या आधीच त्याचे तीन फाउल झालेले आहेत. पाचवा झाला की बाहेर, म्हणून सरांना त्याला बसवावं लागलं असणार, आणि बसवलं नाही त्या वेळी तो घाबरत खेळला असणार. मग प्रेस आली, म्हणजे समोरच्यांनी कोर्टभर अंगावर येऊन अडवलं, की आठ सेकंदांत अर्धा कोर्ट ओलांडायचा कुणी? हा मुलगा बहुधा पायाने नाही, हाताने डिफेन्स करतो. समोरचा पुढे निघाला की हात घालतो. त्याला दोन आठवडे टॉवेल मानेमागे धरून डिफेन्स करायला लाव. आम्हाला नागपाड्याच्या मुलांनी हेच शिकवलं, शब्दांनी नाही, आम्हाला हरवून. १९७०चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसीर त्याच वस्तीतले. तिथल्या पोरांविरुद्ध खेळताना हात घातला की ती हातावरच बॉल उचलायची आणि फाउल आपल्या नावावर. आम्ही मुकाट्याने पाय हलवायला शिकलो.

तिसरं थोडक्यात. दुसऱ्या हाफचे तीन टाइम-आउट तुम्ही तीन सामन्यांत चौथ्या क्वार्टरच्या सहाव्या मिनिटाआधीच संपवले आहेत. शीटवर मिनिट लिहिलेलं असतं, खात्री करून घे. हे सरांशी बोलायला अवघड आहे, पण बोल. शीट समोर ठेवून बोललास तर ते उलट उत्तर वाटणार नाही.

आणि मुलांना ‘स्टॅमिना नाही’ हे वाक्य पुन्हा ऐकवू नकोस. त्याने त्यांना काय सुधारायचं ते कळत नाही, फक्त आपण कमी आहोत एवढं कळतं.

प्रश्न : मी पहाटे उठून अमेरिकेतल्या कॉलेजांचे सामने बघतो. तिकडे ‘मार्च’ची एवढी हवा का असते? आणि त्यांचे नियम आपल्यासारखेच का नाहीत? (एफ.वाय.चा विद्यार्थी, गिरगाव)

उत्तर : आपण फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे नियम पाळतो : दहा मिनिटांचे चार क्वार्टर, चोवीस सेकंदांचा शॉट क्लॉक (बॉल मिळाल्यापासून तेवढ्या वेळात शॉट घ्यायचाच). तिकडे कॉलेजच्या पुरुषांचा सामना अजून वीस-वीस मिनिटांच्या दोन हाफचा आहे, आणि २०१५-१६च्या सीझनपासून शॉट क्लॉक तीस सेकंदांचा. आधी तो पस्तीस होता. त्यामुळे त्यांच्याकडे बॉल जास्त वेळ फिरतो. तू बघून शिकणार असशील तर त्यांचा पास बघ, डंक नको.

मार्चची हवा एका साध्या कारणाने आहे : हरला की घरी. सीझन नोव्हेंबरात सुरू होतो, तीस-एक सामने होतात आणि मग मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत एका रात्रीत सगळं संपू शकतं. १९३९मध्ये ही स्पर्धा आठ संघांनी सुरू झाली, २०११मध्ये संघांची संख्या ६८ झाली. इंडियानाने १९७६मध्ये ३२ पैकी ३२ सामने जिंकून विजेतेपद मिळवलं. २०१५मध्ये केंटकीचा संघ सलग ३८ जिंकून उपांत्य फेरीत आला आणि विस्कॉन्सिनकडून ७१-६४ हरला. अडतीस विजय आणि एक हार, तरी चषक दुसऱ्याचा. मला त्या मुलांचं फार वाईट वाटलं होतं.

आपल्याकडच्या इंटर-कॉलेजिएटमध्येही बाद फेरी हीच असते. तुझ्या कॉलेजचा सामना बघायला जा. गॅलरीत वीस माणसं असतील तर तू एकविसावा हो. २०१९च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, पेसर्स आणि किंग्ज हे संघ खेळले तेव्हा मी तिथे होतो. भारतातले ते एनबीएचे पहिले सामने, आवाजाने छप्पर हलत होतं. त्यातली थोडी माणसं कॉलेजच्या सामन्याला आली तर आपल्या पोरांचा खेळ दुप्पट होईल, हे मी टेबलामागून बघितलेलं आहे.

प्रश्न : आमचा कोर्ट उघडा, सिमेंटचा. पावसाळ्यात प्रॅक्टिस होत नाही आणि पहिल्याच आठवड्यात निम्म्या मुलांच्या पायाला फोड येतात. उपाय? (एक खेळाडू, विक्रोळी)

उत्तर : ओल्या सिमेंटवर धावू नका, ले-अप (धावत जाऊन रिंगखालून टाकणं) तर अजिबात नको. गुडघा गेला की सीझन गेला. त्या दिवसांत जिन्याखाली, पार्किंगमध्ये, जिथे छत मिळेल तिथे ड्रिबल, पास आणि पायांची कामं करा.

फोडांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे कोच जॉन वुडन यांची आठवण होते. त्यांच्या संघाने १९७१ ते १९७४ या काळात सलग ८८ सामने जिंकले, आणि तेच वुडन दर सीझनच्या पहिल्या प्रॅक्टिसला खेळाडूंना मोजे कसे घालायचे हे शिकवायचे. टाचेपाशी आणि बोटांपाशी सुरकुती राहता कामा नये, मग बुटाची नाडी खालपासून एकेक घट्ट करत वर. आपल्या हवेत त्यात एक भर घाला : दोन जोड सुके मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण ट्रेनमधून येतानाच पहिला जोड भिजलेला असतो.

प्रश्न : माझा मुलगा एस.वाय.ला आहे. कॉलेजच्या संघात निवड झाली म्हणून आम्ही पेढे वाटले होते. पहाटे सव्वापाचची लोकल पकडतो, मी चारला उठून डबा करते. पण सगळ्या सीझनमध्ये तो एकाच सामन्यात उतरला. किती वेळ, विचारलं तर म्हणतो ‘थोडा’. पुढचं काही बोलत नाही. त्याला सोड म्हणू का? (एक आई, डोंबिवली)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी सगळ्यात आधी वाचलं आणि उत्तर मात्र शेवटी लिहितोय, कारण घाईत लिहायचं नव्हतं.

संघात बारा जण असतात, कोर्टवर पाच. उरलेल्या सातांचं काम सामन्यात दिसत नाही, पण प्रॅक्टिसला दिसतं. समोरचा संघ झोन (माणूस न धरता जागा धरून डिफेन्स) खेळणार असेल तर आपल्या पहिल्या पाचांना तो झोन आदल्या दिवशी कोण खेळून दाखवतं? तुमचा मुलगा. तो तिथे ढिला पडला तर पहिल्या पाचांची तयारीच होत नाही. मी असे सीझन बघितले आहेत जिथे बेंच सुस्त झाला आणि दोन आठवड्यांत संघ विस्कटला.

तरीही एकोणीस वर्षांच्या मुलाला खेळायचं असतं, हेही खरं. ‘बसणंही महत्त्वाचं’ असं म्हणून त्याची समजूत काढू नका, त्याला ते आवडणार नाही. आणि तुम्ही सरांना फोन करू नका. त्यानेच जावं, एकट्याने, आणि ‘मला का खेळवत नाही’ असं न विचारता ‘पुढच्या सीझनला मिनिटं हवी असतील तर माझी कोणती एक गोष्ट सुधारायला हवी’ असं विचारावं. नेमकं उत्तर मिळालं, म्हणजे डावा हात, बॉक्स-आउट (रिबाउंडसाठी समोरच्याला अंगाने मागे रोखणं), वजन, तर त्याच्याकडे पुढचे सहा महिने काम आहे. उत्तरच मिळालं नाही तर मग सोडायचं का, हा विचार त्याने करावा. तोही त्यानेच. अभ्यास आणि हजेरी सांभाळली जात असेल तर तुम्ही मध्ये येऊ नका, डबा मात्र चालू ठेवा.

एक विनंती आहे. त्या एका सामन्याच्या स्कोअरशीटची प्रत कॉलेजच्या जिमखान्यात असेल. मुलाला ती आणायला सांगा. त्याच्या नंबरासमोर एक छोटी फुली असेल. सुरुवातीच्या पाचांच्या फुलीभोवती गोल असतो, त्याच्या फुलीला तो नसेल. फक्त तिचा रंग बघा. पहिला आणि तिसरा क्वार्टर आम्ही लाल शाईने लिहितो, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या. फुली निळी-काळी असेल तर त्यावरून काहीच ठरवता येणार नाही. पण लाल असेल तर तो पहिल्या किंवा तिसऱ्या क्वार्टरमध्ये उतरला, म्हणजे सामना अजून संपत आलेला नसताना सरांनी त्याला आत पाठवलं. रंग कोणता निघाला ते मला कळवा, मी वाट बघतो.