फ्लक्स अडवणारी शीट मिळते का?

प्रश्न: मी एक छोटी ब्रशलेस मोटर स्वतः बनवलीय, रोटरवर निओडिमियम मॅग्नेट आहेत. करंट मोजायचा हॉल सेन्सर (करंटमुळे तयार होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावरून मोजणारा) मोटरला चिकटूनच बसवलाय आणि रोटर फिरला की त्याचं रीडिंग नाचायला लागतं. मध्ये रबर शीट टाकली, ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळली, शिशाचा पत्रासुद्धा लावून बघितला, काहीच फरक नाही. मॅग्नेटचा फ्लक्स, म्हणजे त्याच्या चुंबकीय रेषा, पूर्ण अडवणारं मटेरियल कोणतं?

उत्तर: असं मटेरियल नाहीच, म्हणजे मोटरशेजारी लावता येईल असं तरी नाही. करंटसाठी इन्सुलेटर असतो, तसा फ्लक्ससाठी नसतो. रेषा नॉर्थमधून निघाल्या की साउथला परत पोचणारच, वाटेत रबर असो, लाकूड असो, हवा असो, त्यांना सगळं जवळपास सारखंच. शिसं एक्स-रे अडवतं म्हणून बरेच जण ते लावून बघतात, पण मॅग्नेटपुढे ते हवेसारखंच. सुपरकंडक्टर मात्र फ्लक्स खरोखर बाहेर ढकलतो, हे १९३३ मध्येच दिसलं होतं, पण त्याला प्रचंड थंड ठेवावं लागतं.

मग करायचं काय, तर फ्लक्सला सोपी वाट करून द्यायची. लोखंडातून तो हवेपेक्षा शेकडो ते हजारो पट सहज जातो, त्यामुळे सेन्सरभोवती साध्या माइल्ड स्टीलची डबी केली की बराचसा फ्लक्स पत्र्यातूनच वळून निघून जातो आणि आत फार कमी उरतो. पत्रा मॅग्नेटला टेकवू नका, थोडी गॅप ठेवा, नाहीतर पातळ पत्रा सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याचं पोट भरतं आणि पुढचा फ्लक्स आत शिरतोच. साधं स्टील साधारण २ टेस्लापर्यंत (टेस्ला म्हणजे फ्लक्स किती दाट आहे ते मोजायचं एकक) तग धरतं.

आता म्यू-मेटलबद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. त्यात सुमारे ८० टक्के निकेल असतं आणि पर्मिएबिलिटी, म्हणजे फ्लक्सला वाट देण्याची क्षमता, हवेच्या काही दहा हजार ते लाख पट, म्हणून लोकांना वाटतं की तेच लावलं की काम झालं, पण ते ०.८ टेस्लाच्या आसपासच सॅच्युरेट होतं, म्हणून जोरदार मॅग्नेटला खेटून लावलं तर पैसे वाया. शिवाय वाकवलं, ठोकलं, हातातून पडलं तरी गुण कमी होतो आणि परत हायड्रोजनमध्ये ॲनिलिंग (खूप तापवून हळूहळू थंड करणं) करावं लागतं. अगदीच गरज पडली तर मॅग्नेटच्या बाजूला स्टील, मग गॅप, आणि आत म्यू-मेटल.

फॉइल का चालली नाही? तांबं-ॲल्युमिनियम फक्त बदलत्या फ्लक्सला विरोध करतं, त्यात एडी करंट (धातूतच गोल गोल फिरणारे प्रवाह) फिरतात आणि ते उलटा फ्लक्स तयार करतात. पण त्यासाठी धातू पुरेसा जाड लागतो: बदलता फ्लक्स धातूत किती खोल शिरतो (स्किन डेप्थ) ते बघितलं तर ५० हर्ट्झला तांब्यात ही खोली ९ मिलिमीटरच्या आसपास येते, ॲल्युमिनियममध्ये आणखी जास्त, आणि तुमची फॉइल मिलिमीटरच्या एक-दोन शतांश जाडीची! मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला आतून ॲल्युमिनियम लावतात तेव्हा त्याच्या जाड प्लेट असतात.

खरं सांगू का, आधी सेन्सर लांब नेऊन बघा. छोट्या मॅग्नेटचं फिल्ड अंतर दुप्पट केलं की जवळपास आठवा हिस्सा उरतं, आणि आलटून-पालटून पोल असलेल्या रोटरचं तर त्याहून लवकर मरतं. वायर दोन इंच लांब करणं कुठल्याही डबीपेक्षा सोपं. डबी लावलीतच तर नंतर झिरो परत सेट करा, स्टील स्वतः थोडं मॅग्नेटाइज होऊन बसतं.

प्रश्न: दोन मॅग्नेटच्या मध्ये योग्य वेळी लोखंडी शिल्ड सरकवली तर विजेशिवाय मोटर फिरत राहील का?

उत्तर: नाही. मॅग्नेट ती पट्टी स्वतःकडे ओढतो, आत जाताना ती फुकट जाते, पण बाहेर काढायला तेवढाच जोर लागतो. एका पूर्ण फेरीचा हिशोब केला तर मिळालेलं सगळं परत द्यावं लागतं, वर घर्षण आणि पट्टीतल्या एडी करंटचा तोटा वेगळाच. म्हणूनच मोटरच्या कोअरमध्ये अखंड लोखंड न घालता ०.३५ किंवा ०.५ मिलिमीटरच्या स्टँपिंग (कापलेले पातळ पत्रे) एकमेकांपासून इन्सुलेट करून रचतात.