रोहिणी काढताना

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी चित्रं पाहिली. हात सफाईदार आहे. पण तो पेटलेला पृथ्वीचा गोळा तू कुठे बघितलास? तो इतरांच्या पोस्टरांतून आलाय. हवामानबदलावर चित्रं काढायची आहेत ना, मग आधी आपल्या डोक्यावरचं आकाश काढ.

येत्या कार्तिक अमावास्येला घरचं कुणी सोबत घेऊन सातपुड्यातल्या पाल गावी मुक्कामी जा. जळगावच्या गच्चीवरून हे जमणार नाही. मोबाइल बंद ठेव. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो आणि स्क्रीनकडे एकदा बघितलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कागद दिसावा म्हणून बॅटरीला लाल जिलेटिन लाव. काळा रंग फक्त सातपुड्याच्या कडेसाठी राख. आकाश तिच्याहून उजळ असतं, हे तिथेच कळेल.

पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका सापडला की त्याच्या खालची नारिंगी तारका म्हणजे रोहिणी. तिच्यापाशी थांब. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की आपल्याकडे पेरणीसाठी कपाशीवाल्यांच्या तोंडी हेच नाव असतं. पण २५ मेच्या सुमारास सूर्यच रोहिणी नक्षत्रात जातो, म्हणून तेव्हा ती दिसत नाही, थंडीतच नीट भेटते. सूर्याची ही वेळ ठरलेली आहे. पाऊस मात्र मोठा खंड देतो आणि मग एका दिवसात कोसळतो. मध्य भारतात अशी अतिवृष्टी १९५० पासून वाढत गेल्याचं नोंदी सांगतात. शेतकऱ्याचं पंचांग बरोबर असूनही पेरणी फसते, ही गोष्ट मला त्या पेटलेल्या गोळ्यापेक्षा कितीतरी जास्त छळते.

आणखी एक. रोहिणी ६५ प्रकाशवर्षं दूर आहे. तू कागदावर उतरवशील तो उजेड १९६० च्या आसपास निघालाय. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण ३१७ भाग होते. आज ४२० च्या वर आहेत. तो उजेड वाटेत असतानाच आपण इथली हवा एवढी बदलली. ब्रश हातात असताना हे मनात राहू दे. चित्रावर आकडा लिहू नकोस.

दक्षिणेला तापीकाठच्या गावांची पिवळट झाक दिसेल. ती चित्रातून वगळायचा मोह होईल, पण वगळू नकोस. वर फुकट जाणारा तो उजेड दीपनगरसारख्या वीजकेंद्रांत कोळसा जाळून केलेला असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात आकाशाचा उजळपणा वर्षाला सुमारे १० टक्क्यांनी वाढत असल्याचं आढळलं. खांबावरच्या दिव्याला वरून झाकण लावलं तरी बराच फरक पडतो, पण ते ग्रामपंचायतीला पटवायला तुझं चित्र माझ्या अर्जापेक्षा जास्त कामाचं ठरेल.

दुसरं चित्र चैत्र अमावास्येला त्याच जागेवरून काढ. रोहिणी तेव्हा मावळतीला टेकलेली असेल आणि हवेत धूळही असेल. दोन्ही कागदांच्या मागे वेळ आणि वापरलेले रंग लिहून मला पाठव. पालला थंडी असते, शाल ने.

तुझे,
काका