३६ मीटरच्या बूम प्लेसरवर (घडीच्या लांब हातातून, म्हणजे बूममधून, काँक्रीट वर टाकणारा पंप) वारा सुटला तर काम नेमकं कधी थांबवायचं?

आकडा तुमच्या मशीनच्या प्लेटवर आणि मॅन्युअलमध्ये आहे, तोच धरा. बूम लांब तशी मर्यादा कमी. मोठ्या बूमसाठी बऱ्याच मॅन्युअलमध्ये ती ताशी ५० ते ६० किमीच्या आसपास असते. पण आकडा सगळ्यांना ठाऊक असतो हो. मशीन चालू राहतं ते "काँक्रीटच्या दोनच गाड्या राहिल्यात, मारून टाक" या एका वाक्यापायी.

वाघोलीच्या बाजूला मे महिन्यात सातव्या मजल्याचा स्लॅब चालू होता. बूमचा रिमोट माझ्या गळ्यात, मी वर स्लॅबवर. चारच्या सुमारास आभाळ भरून आलं. वळवाचं वारं पावसाच्या आधी येतं आणि सांगून येत नाही. आधी परांचीची हिरवी जाळी आत-बाहेर फुगायला लागली. मग बूमच्या टोकाच्या होजच्या (रबरी नळीच्या) तोंडातून पडणारी स्लरी सळईवर सरळ न पडता तिरकी उडून पोराच्या बुटांवर यायला लागली. पोरगं होजला मिठी मारून उभं. पाच इंची होज तीन मीटर भरलेला, म्हणजे आत नुसतं काँक्रीटच नव्वद किलोच्या घरात. तो माणूस धरून थांबत नसतो.

त्याला बाजूला केलं, पंप रिव्हर्स मारून लाइनचा दाब काढला आणि बूम घडी करायला घेतली. इंजिनिअर साहेब खालून धावत वर. मोबाइल दाखवतात, वारा ताशी अठरा किमी! अहो, तो अठरा अख्ख्या पुण्याचा अंदाज. सातव्या मजल्यावर वारा जमिनीपेक्षा जास्त असतो आणि झोत वेगळाच. शिवाय वेग दीडपट झाला की रेटा सव्वादोन पट होतो, हे त्यांनीच कॉलेजात शिकलेलं. मग "कोल्ड जॉइंट (ओतणं मध्येच थांबल्याने जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये पडणारा कच्चा सांधा) आला तर जबाबदार कोण?" मी म्हटलं, तुम्ही. सकाळीच ढग दिसत होते, स्लॅब मध्येच थांबवायला लागणाऱ्या स्टॉपरच्या फळ्या तयार का नव्हत्या? जॉइंट गाळ्याच्या (दोन बीममधल्या अंतराच्या) मधल्या भागात घेऊन दुसऱ्या दिवशी तो खरवडून, धुऊन पुढे जाता येतं. वाकडी झालेली बूम खरवडून सरळ होत नाही.

दोन गाड्यांचा माल वाया गेला आणि त्याचे पैसे आमच्या मालकाच्या बिलातून कापले. ऑपरेटर घाबरट म्हणून तक्रारही गेली. आजही तेच करीन. थांबायचा निर्णय रिमोट ज्याच्या गळ्यात त्याचाच, बिल कोणाचंही असो. साहेब फारच रेटत असतील तर "लेखी द्या" म्हणा. माझ्या पाहण्यात कोणी दिलेलं नाही.

बाकी तुम्हाला माहीतच असेल: मर्यादा गाठायची वाट बघायची नाही, होज झुलायला लागला की थांबायचं. वीज कडाडली तर वारा नसला तरी बूम खाली. भरावाच्या मातीवर गाडीच्या जॅकखाली (टेकूच्या पायांखाली) जाड स्लीपर (लाकडी ठोकळे) हवेतच, नाहीतर पाऊस पडल्यावर जॅक खचतो. आणि घडी मॅन्युअलच्या क्रमानेच करा, घाईत माणसांवरून बूम फिरवू नका. तुमची बूम चार घडीची की पाच, ते लिहिलं नाहीत. त्यावर क्रम थोडा बदलतो.